मोठ्या खाचराची सावड

मोठं खाचर
पूर्वी: भात. आता: भात.

बापूराव बांधावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन बसला, तेव्हा वाफ्यातलं रोप वीतभर वर आलं होतं. दवाखान्यातून आणून त्याला खाटेवर निजवलं, त्याच संध्याकाळी संजयनं आईला ओट्यापाशी गाठलं. पलीकडच्या टॉवरचं काम घेतलेला ठेकेदार मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांसाठी जागा शोधत होता. त्याला मोठं खाचर पाहिजे होतं. मुरूम टाकून सपाट करायचं काम त्याचं, काम संपलं की जागा आपली आपल्याला परत.

बायडाबाई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. वाडीतल्या कितीतरी खाचरांत मुरूम पडताना तिनं पाहिला होता. पडलेला मुरूम परत उचललेला एकदाही पाहिला नव्हता.

"औंदा लावणी करायची," ती म्हणाली.

"कोण करणार? बाबा तर पडलेत."

"सावड बोलावते."

संजय हसला नाही. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो मोबाइलकडं बघत म्हणाला, "सावडीला हाय कोण आता, आये? माणसं लावू म्हटलं तर माणसं मिळत न्हाईत. तू एकटी मरशील चिखलात."

तो वाईट बोलत नव्हता. पहाटे मोटरसायकल काढून हिंजवडी गाठायची, एका कंपनीच्या इमारतीतले दिवे, नळ, लिफ्ट चालू राहतात का ते दिवसभर बघायचं आणि अंधार पडल्यावर कंबर धरून परतायचं, असं त्याचं चाललं होतं. खाचरात तो शाळेत असताना उतरला असेल तेवढाच. त्यानं शेवटी तोड काढली. ठेकेदार शनिवारी सकाळी यायचा होता. तोवर सगळं खाचर लागलं, तर यंदा त्याला नाही म्हणायचं. कोपरा जरी मोकळा राहिला, तरी मुरूम.

"कोपरा सुद्धा?"

"कोपरा सुद्धा. मग मला काय बोलायचं न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि कोणाकोणाकडं जायचं ते मनात लावायला घेतलं.

सावडीची रीत साधी होती. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, पोटभर जेवण. बोलावणारीनं घरी जाऊन गुळाचा खडा हातावर ठेवायचा. समोरचीनं तो तोंडात टाकला की ती आली. मात्र यायचं ते स्वतः. आपल्या जागी मोलाचं माणूस पाठवणं म्हणजे बोलावणारीच्या तोंडावर दार लावणं. बायडाबाईच्या सासूनं असं आलेलं माणूस एकदा बांधावरूनच परत लावलं होतं, आणि ती गोष्ट वाडीत बरीच वर्षं कौतुकानं सांगितली जायची. सांगणारे आता राहिले नव्हते, पण बायडाबाईला ती पाठ होती.

वाडीत असं घर नव्हतं की ज्याच्या खाचरात ती वाकली नव्हती. ती सगळी खाचरं आता गेली होती.


टेक
पूर्वी: नाचणी, वरई, म्हसोबा. मग चुना टाकून आखलेले प्लॉट. मग लष्करातून निवृत्त झालेल्या एका साहेबाचा बंगला. मग गुंठ्यागुंठ्यानं पत्र्याची घरं. बस वडापाशी वळायची, ती टेकापर्यंत यायला लागली. आता: मुलींचं वसतिगृह, तीन मजले. म्हसोबा जिन्याखाली, त्याच्यापुढं चपलांचा स्टँड.

वसतिगृह दीपमालाचं. नवऱ्यानं प्लॉट विकून इमारत बांधली, चालवायची हिनं. कर्वेनगरच्या कॉलेजांतल्या मुली राहायच्या आणि नोकरीवाल्याही. बायडाबाई पोचली तेव्हा दीपमाला गाऊनवर ओढणी टाकून फाटकात उभी होती आणि टँकरवाल्याशी फोनवर भांडत होती. टेकावरून खडकवासल्याचं पाणी चकचकताना दिसत होतं. टँकर आला नव्हता.

"बघा मामी, समोर धरण आणि घरात बादली न्हाई," फोन खाली घेत ती म्हणाली. "या ना आत."

बायडाबाई आत गेली नाही. पायाला चिखल होता आणि फरशी पांढरी होती. तिनं दारातच पदराची गाठ सोडून गुळाचा खडा पुढं केला. दीपमालाला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिचा चेहरा एकदम माहेरच्या माणसासारखा झाला.

"अगं बाई. सावड? अजून?"

"शुक्रवारी. मोठं खाचर."

दीपमालानं खडा तोंडात टाकला. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला लावणीत पात धरायला बायडाबाईनंच शिकवलं होतं, ते तिनं दारात उभ्या असलेल्या दोन मुलींना सांगितलं. मुली कानांत इअरफोनची बोंडं घालून होत्या. "कंबर मोडली तरी येते मामी," दीपमाला म्हणाली, आणि फोन पुन्हा वाजला.


खळं
पूर्वी: अख्ख्या वाडीचं एकच खळं. आधी कोण मळणार यावरून दरसाल भांडण. आता: अकरा मजल्यांच्या दोन इमारती. मधे पोहायचं तळं, त्याला कुलूप.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला विचारलं, "कामाला का मावशी? कुठल्या फ्लॅटला?" तिनं मुक्ताईचं नाव सांगितलं. तो म्हणाला, आजींचं नाव नको, फ्लॅटचा नंबर पाहिजे. नंबर तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, इथं खळ्याच्या मधे खांब होता ना, त्याच्या जरा वरच्या अंगाला. पहारेकरी लातूरकडचा होता. त्याला खळं समजत होतं, पण हे खळं त्यानं कुठून बघितलेलं असणार. अखेर त्यानं मोबाइलवर तिचा फोटो काढून वर कुणाला तरी पाठवला, तिकडून हो आलं, आणि तिला मागच्या बाजूची लिफ्ट दाखवली. पुढची रहिवाशांची होती.

मुक्ताई तिची चुलतजाऊ, वयानं मोठी. मुलगा-सून सकाळी खराडीला जायची, नातवंडं पाळणाघरातून संध्याकाळी घरी यायची. मधला सगळा दिवस मुक्ताई आणि टीव्ही. टीव्हीचा आवाज बंद होता.

"आवाज का बंद, आक्का?"

"ते हिंदीत बोलत्यात. नुसती तोंडं बघते."

तिनं बायडाबाईला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसली. गुडघ्याला पट्टा होता. चहा करते म्हणाली, उठली, आणि परत बसली. सून जाताना गॅस खालून बंद करून जायची, सासूबाई विसरतात म्हणून. हे सांगताना मुक्ताई खिडकीकडं बघत होती. खिडकीतून मोठं खाचर दिसत होतं.

"वरनं सतरंजीएवढं दिसतं बघ," ती म्हणाली. "संध्याकाळी मी बघत बसते. बापू बांधावर दिसायचा. आता दिसत न्हाई."

बायडाबाईनं खडा काढला. मुक्ताई म्हणाली की तिला साखर आहे, गोडाला हात लावायचा नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. मग तिनं खडा दातानं फोडला, अर्धा तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा ब्लाउजात खोचला. "येते," ती म्हणाली. "रोप टाकायला तरी येते. तेवढं जमंल."

आणखी काही घरी बायडाबाई गेली. एकीनं खडा घेऊन देवापुढं ठेवला, एकीनं फ्रिजमधे. कुणीही नाही म्हणालं नाही.


वाफा

बुधवारी, गुरुवारी ती रोप काढत राहिली. पाऊस लागून होता; मोठा नव्हता, पण उघडत नव्हता. डोक्यावरून प्लास्टिकचा कागद घेऊन ती वाफ्यात बसायची, मुठीत मावेल तेवढं रोप बुडख्याशी धरून ओढायची, मुळांवरची माती पायावर आपटून काढायची आणि जुडी बांधायची. बोटांची कातडी पांढरी होऊन सुरकुतली. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या, त्यांना रात्री नम्रतानं मलम लावलं. नम्रता तिची सून, एका कुरिअर ऑफिसात होती. गुरुवारी ती लवकर येऊन जुड्या बांधायला बसली. तिला गाठ नीट येत नव्हती, पण उठली नाही.

"आई, सगळंच काढताय का? खरंच तेवढ्या बायका येणार आहेत?"

"गूळ खाल्लाय त्यांनी."

खाटेवरून बापूरावनंही तेच विचारलं होतं. निम्मंच काढ, तो म्हणाला, माणसं बघून उरलेलं काढू. वाफ्यात उभं असलेलं रोप आठवडाभर थांबतं. उपटलेलं दोन दिवसांत पिवळं पडतं. हे तो तिला सांगत नव्हता, तिला माहीत असलेलं नुसतं बोलून दाखवत होता. पण सावडीच्या बायका आल्या आणि रोप हाताशी नाही म्हणून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तर त्यासारखी नामुष्की नाही, हेही दोघांना माहीत होतं.

तिनं वाफा मोकळा केला. पॉवर टिलरवाला दुपारी चिखल करून गेला. संध्याकाळी खाचर तव्यासारखं सपाट आणि काळं पडलं होतं, आणि त्यात दोन्ही इमारती उलट्या उभ्या होत्या.


शुक्रवार

तिनं वाटाण्याची आमटी केली, टोपलंभर भाकऱ्या केल्या, मोठ्या पातेल्यात भात टाकला. उजाडायच्या आतच जुड्या खाचरात ठिकठिकाणी टाकून ठेवल्या आणि बांधावर येऊन उभी राहिली.

ही वेळ वाडीतून माणसं बाहेर पडायची. कंपन्यांच्या गाड्या टेकावरून एकामागून एक उतरल्या, काचा बंद, आत पोरं-पोरी माना टाकून झोपलेल्या. मोटरसायकली निघाल्या. संजय निघाला, बांधाकडं बघून त्यानं हॉर्न वाजवला. मग रस्ता ओसरला. सगळी माणसं एकदाच बाहेर ओतून रिकामी होणारी ही वाडी तिला दरवेळी नवीन वाटायची. पूर्वी या वेळेला माणसं रानात यायची.

कुणी आलं नाही. ती एकटीच उतरली आणि तिनं पहिली पात धरली.

दोन ओळी लागल्या असतील, तेवढ्यात बांधावरून हाक आली. "ओ मावशी." दोन बायका होत्या, चपला हातात, साड्या गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. तिला त्या ओळखू आल्या नाहीत. पुढची म्हणाली, "दीपमाला मॅडमनं पाठवलं जी. मी बेबीनंदा. आम्ही होस्टेलात स्वयंपाकाला आहो. मॅडम म्हणे, माह्या जागी तुम्ही जा."

"ती का न्हाई आली?"

"टँकरवाला येऊन रायला ना."

बेबीनंदाचं लक्ष बोलण्याकडं नव्हतं. ती खाचराकडं बघत होती. भंडाऱ्याकडची होती ती. बोलता बोलता तिनं एक पाय चिखलात घातलासुद्धा, घोट्यापर्यंत, आणि थंडीनं खांदे आखडून हसली. "आमच्या गावी सारं धानच राह्यते. रोवणी सुटून लय दिवस झाले जी."

बायडाबाईच्या हातात जुडी होती. मागची बाई खाली वाकून जुडीची मुळं बोटानं बघत होती, आणि त्या एका बोटावरूनच कळत होतं की हिला काम येतं. दोघी मिळून दुपारपर्यंत निम्मं खाचर उरकलं असतं.

"मोलाचं माणूस सावडीत उतरत न्हाई," बायडाबाई म्हणाली.

"पैसे नको जी. तिथून सुट्टी भेटली, तेवढंच पुष्कळ."

"तुझा राग न्हाई, बाई. तिला जाऊन सांग, यायचं तर स्वतः ये."

बेबीनंदाला वाटलं, आपलं काही चुकलं. तिनं पाय बाहेर काढला. आता तरी हिचं मन वळेल म्हणून दोघी तशाच उभ्या राहिल्या. मग रस्त्याकडेच्या नळाखाली बेबीनंदानं तो एक पाय धुतला, चपला घातल्या आणि त्या टेकाच्या वाटेला लागल्या.

बायडाबाईला त्या वेळी आपण बरोबर केलं असंच वाटत होतं. सासू बांधावर असती तर मान हलवून हसली असती. पात पुढं सरकली तसं तिच्या लक्षात यायला लागलं, की बांधावर सासू नाही. कुणीच नाही.

ऊन न पडताच सकाळ गेली. कंबरेतून कळ निघायला लागली, ती गुडघ्यापर्यंत उतरली. मुक्ताईचा फोन आला. हात पदराला पुसून तिनं कानाला लावला.

"खाली आले होते गं मी," मुक्ताई म्हणाली. "फाटकावरचा पोरगा म्हणाला, आजी एकट्या कुठं, मुलाला फोन लावतो. त्यानं लावला. आमचं पोरगं ऑफिसातनं ओरडलं. मग वर आले."

"बरं."

"रागावलीस?"

"हातात चिखल हाय, आक्का. ठेवते."

फोन ठेवल्यावर तिनं वर बघितलं. दोन्ही इमारतींच्या खिडक्या एकसारख्या होत्या. मुक्ताईची कुठली, ते खालून ओळखता येईना.

दुपारी तिनं मान उचलून अंदाज घेतला. चौथा हिस्साही लागला नव्हता. ती बाहेर आली, पाय धुतले आणि टेकावर गेली. हे तिला कुणाला सांगायचं नव्हतं आणि पुढंही तिनं कधी सांगितलं नाही. वसतिगृहाच्या मागं स्वयंपाकघराचं दार होतं. बेबीनंदा घामानं भिजून एका भल्या मोठ्या पातेल्यात पळीनं भाजी फिरवत होती. बायडाबाई दारात उभी राहिली. बेबीनंदानंच ओळखलं.

"आता नाही भेटत सुट्टी, मावशी," ती हळूच म्हणाली. "सकाळीच भेटली होती." आणि तिनं उभ्या उभ्या तिला पाण्याचा पेला दिला. बायडाबाई पाणी प्यायली आणि परत फिरली.

भाकऱ्यांचं टोपलं बांधावर झाकलेलं तसंच होतं. त्यातली एक तिनं खाल्ली. मग बराच वेळ ती खाचराकडं बघत बसली. वीतभर अंतरानं लावायचं तर तिला अजून तीन दिवस लागले असते. शनिवार उद्या होता.

ती उतरली आणि तिनं दोन-तीन काड्यांचा पहिला चूड रोवला. दुसरा रोवताना हात नेहमीच्या जागी गेला, तिथून तिनं तो पुढं नेला. आणखी पुढं. हातभर अंतरावर दुसरा चूड रोवला. दोन्हींच्या मधे उघडं पाणी राहिलं. ते बघून तिला, परक्यासमोर पदर ढळावा तशी लाज वाटली. तिनं मागं वळून बघितलं. मग तिसरा रोवला.

असल्या लावणीत दाणा धरत नाही, गवत माजतं, हे शेताच्या बांधावर वाढलेलं पोरही सांगेल. ती भात लावत नव्हती. ती खाचर झाकत होती. एकदा हे मनाशी धरल्यावर हात भराभर चालायला लागले. ती मागं सरकत गेली. पुढं हिरवे ठिपके पडत गेले. वरच्या कुठल्याशा बाल्कनीतून एक बाई मोबाइल धरून तिचं चित्रण करत होती. बायडाबाईनं पाहिलं तेव्हा तिनं हात हलवला आणि अंगठा दाखवला.

दिवेलागणीला शेवटचा कोपरा लागला.

जुड्यांचा ढीग उरला. निम्म्याहून जास्त रोप उरलं. पूर्वी उरलेलं रोप बांधावर ठेवायचे. ज्याचं कमी पडलं असेल तो न विचारता उचलून न्यायचा. तिनं चारी बाजूंना बघितलं. मग जुन्या चादरीत जुड्या बांधल्या आणि डोक्यावर घेतल्या. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पाय उचलेना, तरी केली.


गोठा
पूर्वी: चार बैल, तीन म्हशी. आता: एक म्हैस, संजयची मोटरसायकल, पाण्याची टाकी. भिंतीपलीकडं बापूरावची खाट.

संजय आला तो खाचराकडूनच आला. तिथं मोटरसायकल उभी करून त्यानं दिव्याचा झोत पाण्यावर फिरवला होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नम्रताही त्याच्या मागं बसून होती. बायडाबाई दारात उभी होती. वाटेत तिनं उत्तर तयार ठेवलं होतं: यंदा पाऊस जास्त, म्हणून विरळ ठेवलं. ते खरं वाटलं नसतं, पण काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

संजयनं हेल्मेट काढलं.

"झालं की सगळं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "मला वाटलं नव्हतं, आये. कोपरासुद्धा ठेवला न्हाईस."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. जन्मल्यापासून त्याच खाचराचा भात खाऊन तो एवढा झाला होता. तो थट्टा करत नव्हता. नम्रतानं काढलेला फोटो तिला दाखवला. त्यात ओळी छान दिसत होत्या. संजयनं तिथंच ठेकेदाराला फोन लावला आणि यंदा जमणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा काहीतरी बोलत राहिला. संजय म्हणाला, नाही, लागलंय सगळं, मी स्वतः बघून आलोय.

आतून बापूरावनं हाक मारली. ती जाऊन खाटेच्या पायथ्याशी बसली. बसताना कंबर वाजली, ती त्यानंही ऐकली.

"लागलं?"

"लागलं."

"कोण कोण आल्या हुत्या?"

"आल्या हुत्या," ती म्हणाली. "आक्का आली. दीपमाला आली."

"रोप?"

"पुरलं."

"पुरलं म्हंजे दाट लागलं."

"दाट लागलं."

बापूराव छताकडं बघत होता. भिंतीच्या पलीकडून म्हशीच्या चघळण्याचा आवाज येत होता, ओल्या, कोवळ्या पात्यांचा, घाईघाईनं. नुसत्या वाळल्या वैरणीवर असलेली म्हैस एवढ्या घाईनं खात नाही. उपटलेल्या रोपाचा कच्चा, गोडसर वास फटीतून खोलीत उतरला होता. बायडाबाईला तो आत्ता कळला. तिचंच अंग त्या वासानं भरलेलं होतं, म्हणून इतका वेळ कळला नव्हता.

तिनं पदर आवळला आणि तो काय म्हणतो याची वाट बघत राहिली. बाहेर संजय फोनवर अजून बोलत होता. हिंजवडीकडून परतणाऱ्या गाड्यांचे दिवे खिडकीतून आले, भिंतीवरून सरकले आणि गेले.

बराच वेळ म्हैस खात होती.

"उद्या दूध जास्त देईल," बापूराव म्हणाला. "आक्काला तांब्याभर पोचव."